वरच्या खोलीतलं मशीन

वहिनींना कॉफीचं मशीन पसंत करायला वर्ष उलटून गेलं. तेवढ्या वेळात लोक पोरीचं लग्न ठरवून, लावून मोकळे होतात. पण वहिनींना मशीन बघायला महिन्यातले चारच दिवस मिळायचे.

पंचवटीत घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत गुरुजींचं घर आहे. मी तिथे बरीच वर्षं धुणं, भांडी आणि फरशी केली. जुनं घर पाडून नवीन बांधलेलं, जिन्याला स्टीलचा कठडा. खाली बैठकीची खोली. तिथे बाहेरगावाहून आलेले यजमान बसतात, कुणाला श्राद्ध करायचं असतं, कुणाला अस्थी सोडायच्या असतात. पहिल्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि देवघर, दुसऱ्यावर घरच्यांच्या खोल्या. गच्चीवर पत्र्याची एक खोली होती, तिला सगळे नुसतं ‘वर’ म्हणायचे.

यजमानांचा स्वयंपाक सोवळ्यात व्हायचा. पहाटे डोक्यावरून पाणी घ्यायचं, वेगळं वाळत घातलेलं पातळ नेसायचं, मग कुणाला शिवायचं नाही. यजमान जेवून उठेपर्यंत स्वतःच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. हे सगळं वहिनींकडे होतं. वहिनी म्हणजे गुरुजींची बायको. त्यासुद्धा नवऱ्याला ‘गुरुजी’च म्हणायच्या. सगळं जग म्हणतं, मग मीच कशाला वेगळं म्हणू, असं त्यांचं उत्तर.

स्वयंपाकघर मी आतून कधी पाहिलं नाही. घासलेली भांडी उंबऱ्याबाहेर पालथी घालायचे, आणि गुरुजींच्या आई, म्हणजे माई, त्यांवर पुन्हा पाणी ओतून ती आत घ्यायच्या. मी रोज उंबऱ्याबाहेर, आणि वहिनी महिन्यातले चार दिवस. पाळी आली की त्यांनी वर जाऊन बसायचं. खाट वेगळी, घोंगडी वेगळी, तांब्या-भांडं वेगळं. त्यांचं ताट जिन्याच्या वळणावर ठेवलेलं असायचं, ते मी वर न्यायचे. चहासुद्धा तिथेच. वर पोहोचेपर्यंत त्यावर साय धरलेली असायची.

पहिल्यांदा मी ताट घेऊन गेले तेव्हा वहिनींनी मला खाटेवर बसायला सांगितलं. मी दारातच उभी राहिले.

"बस गं हिरा. आज मला तू शिवलीस तरी चालतं. आज मीच बाटलेली आहे."

मी खाली फरशीवर टेकले. त्यांनी विचारलं, "तुमच्यात बसतात का असं बाजूला?"

"नाय वहिनी. आमच्या पेठकडं बाई चार दिवस बसली तर भात कोण लावणार?"

त्या खूप हसल्या. मग थांबून म्हणाल्या, "म्हणजे तुला सुट्टीच नाही गं कधी."

वहिनी ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, भरभर चालणाऱ्या. जिना चढताना मधली एकेक पायरी गाळत वर जायच्या. उतरताना मात्र प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायच्या, कठड्याला धरून, म्हातारीसारख्या. पाय दुखत असतील असं मला आधी वाटायचं. मग कळलं, वर जाताना दुखत नव्हते.

दुसरं म्हणजे त्यांचं नाक. कोणतीही वस्तू हातात आली की आधी नाकाशी न्यायची. गव्हाचं पीठ, धुतलेली चादर, नवीन झाडू. मी कामावर आले की लांबूनच म्हणायच्या, "आज रॉकेल घेऊन आलीस," नाहीतर, "मेथी निवडलीस सकाळी." त्यांचं माहेर येवल्याचं. लहानपणी शेजारच्या घरी रेशीम रंगवायचे, तेव्हा कोणता रंग चढतोय ते घरात बसून वासावरून ओळखायची, असं सांगायच्या. खरं असेल. सोवळ्यात जेवायचं नाही, पण वास घ्यायला कुणी बंदी केलेली नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमटीत मीठ कमी आहे हेही त्या वासावरून सांगायच्या, कारण चव घ्यायची सोय नव्हती.

त्यांना कॉफीची आवड लग्नाआधीची. कॅनडा कॉर्नरजवळ एका ऑफिसात त्या टायपिंग करायच्या. तिथे वऱ्हांड्यात मशीन होतं. चार वाजले की ज्याने त्याने आपला कप भरून घ्यायचा आणि खिडकीशी उभं राहायचं.

"तेवढा वेळ कुणी कुणाचं काही लागत नव्हतं बघ," त्या म्हणायच्या. "चहा कुणीही देतं. कॉफी आपली आपण करून घ्यावी लागते."

घरात कॉफी व्हायची, नाही असं नाही. एकादशीला माई करायच्या. दूध आटवून, साखर ओतून, वर जायफळ किसून. वहिनी ती नाकाशी न्यायच्या आणि गपकन पिऊन टाकायच्या, औषधासारखी.

त्यांच्या मुलीने, सईने, त्यांना स्वतःचा जुना मोबाईल दिला, तेव्हापासून मशीन बघणं सुरू झालं. एरवी मोबाईल कपाटात. वर गेल्या की हातात. आवाज बारीक करून त्या मशीनचे व्हिडिओ लावायच्या. लोकांनी लिहिलेले अभिप्राय मोबाईल मराठीत करून दाखवायचा, ते मला वाचायला लावायच्या. माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षराला अक्षर जोडत मी वाचायचे आणि वहिनी खाटेवर डोळे मिटून पडायच्या.

"‘हे मशीन... माझ्या पत्नीला... खूप आनंदी आहे. मी त्याला... पाच तारे फेकतो.’"

"पुढे वाच, पुढे वाच. बायकोला विचारलं का त्याने?"

शाळेनंतर मी जेवढं वाचलं असेल त्यातलं निम्मं कॉफीच्या मशीनविषयी आहे.

पसंती करताना लोक जे बघतात ते वहिनी बघतच नव्हत्या. एक मशीन डबीवर चालायचं. एक छोटी डबी आत घातली, बटण दाबलं, की कॉफी. मला ते सोपं वाटलं. वहिनी म्हणाल्या, "डब्या संपल्या की कुणाला तरी मागवायला सांगावं लागणार. नको." दुसरं फार देखणं होतं, दुधाला फेस आणणारं. "दूध खालून मागावं लागतं. माई विचारणार कशाला. मला दुधाशिवाय आवडते." मला वाटतं, दूध मागायचं नाही म्हणूनच त्यांनी ती आवड लावून घेतली. बिया दळणारं मशीन घरघर करायचं, ते माईंच्या जपात खाली ऐकू गेलं असतं. गॅसवर ठेवायचं भांडंही एक होतं, मजबूत, शंभर वर्षं टिकेल असं. पण वर गॅस नव्हता, आणि खालचा गॅस म्हणजे स्वयंपाकघर.

मी एकदा हळूच म्हटलं, "वहिनी, इजेची किटली घ्या ना. पाणी उकळायचं, पावडर टाकायची."

"त्याला औषधी काढा म्हणतात," वहिनी म्हणाल्या. "एकच गोष्ट घ्यायची आहे आयुष्यात, ती तरी नीट घेऊ दे."

एकदा आम्ही दोघी शालिमारच्या बाजूला एका विजेच्या वस्तूंच्या दुकानात गेलो. घरी समईच्या वाती आणि कापूर आणायला जातो असं सांगितलं होतं. पिशवी धरायला मी. दुकानातला मुलगा पुढे आला.

"मॅडम, हे बघा. पंधरा बार प्रेशर आहे."

"प्रेशर घरात भरपूर आहे," वहिनी म्हणाल्या. "साधं दाखवा."

"फॅमिली किती जणांची?"

"एक."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी पिशवीकडे बघितलं.

त्याने फळीवरून एक लहान काळं मशीन काढलं. वर पाणी घालायचं, मधे जाळीत पावडर, खाली काचेचं भांडं. गरम पाणी पावडरीवर थेंब थेंब पडतं आणि कॉफी गळत राहते. वहिनींनी ते चालू करून दाखवायला सांगितलं. नुसतं पाणी घालून त्याने बटण दाबलं. वहिनी डोळे मिटून, मान तिरपी करून उभ्या राहिल्या. दुकानातला मुलगा घाबरला.

"मॅडम, बरं वाटत नाही का?"

"थांबा हो. ऐकते आहे."

मशीन सुरुवातीला गप्प होतं, मग बारीक खाकरल्यासारखं झालं आणि शेवटी हुंदका दिल्यासारखा एक आवाज आला. वहिनींनी डोळे उघडले. "एवढाच?"

"एवढाच."

"आणि कागदाच्या गाळण्या लागतात का सारख्या?"

"नाही, जाळी धुवायची."

"मग हेच."

घेतलं मात्र नाही. मशीनबरोबर येणारी माहितीची पुस्तिका मागून घेतली, ती कापराच्या पुडीखाली घालून आम्ही घरी आलो. पुढच्या खेपेला वर मी ती वाचली. इंग्रजी होती आणि खाली हिंदी. ‘मशीन को पानी में न डुबोएँ। ऊपर से पानी न डालें।’

वहिनी उठून बसल्या. "परत वाच."

मी परत वाचलं. त्यांनी पुस्तिका माझ्या हातून घेऊन वासही न घेता उशीखाली ठेवली. मला त्या वेळी काही कळलं नाही.

सईला पुण्यात नोकरी लागली. पहिल्या पगारातून आईला काय घेऊ, असं तिने फोनवर विचारलं. वहिनींनी त्या जाळीच्या काळ्या मशीनचं नाव सांगितलं. सई म्हणाली, "आई, मोठं घे की, फेसाचं." "नको, हेच."

खोकं आलं ते नेमकं नवरात्रात, आणि वहिनी सोवळ्यात स्वयंपाकघरात असताना. गुरुजींनी ते बैठकीत यजमानांसमोर फोडलं. गुरुजी मनाने वाईट नाहीत. नवीन वस्तू बघून त्यांना लहान मुलासारखा आनंद होतो. तो आनंद वर चढून आला.

"अहो, सईने काय पाठवलंय बघा! बैठकीत ठेवू. मुंबईचे यजमान कॉफी मागतात नेहमी. तुम्ही आतून करून दिलीत की झालं."

माई म्हणाल्या, "कॉफी काय, होते की घरात." पण त्यांनाही वस्तू आवडली. दसऱ्याला शस्त्रांबरोबर, मिक्सर-गाडीबरोबर त्याचीही पूजा करायची आणि मग बैठकीत मांडायचं, असं ठरलं. तोवर मशीन पॅसेजमधल्या कपाटावर. मी जिना पुसत होते. उंबऱ्यातून वहिनी पातेल्यातली खीर ढवळत उभ्या असलेल्या दिसत होत्या. त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. पळी मात्र थांबली होती.

दुसऱ्या दिवशी मी कामावर आले तर वरच्या मजल्यावरून माईंचा आवाज येत होता. पॅसेजमध्ये वहिनी उभ्या होत्या आणि त्यांनी मशीन छातीशी धरलं होतं, तान्हं मूल धरावं तसं.

"ऐन नवरात्रात!" माई म्हणत होत्या. "अगं, आत्ता आत्ता तर बसली होतीस ना?"

"माझ्या हातात आहे का माई ते? कपाट पुसायला मशीन उचललं आणि तेवढ्यात कळलं."

"मग ठेव ते खाली!"

"ठेवते. पण मग कपाटही धुवावं लागेल. आत देवाची वस्त्रं आहेत."

माई दोन पावलं मागे सरल्या. "त्याच्यावर दोन तांबे पाणी घाल म्हणजे होईल शुद्ध."

गुरुजी पुस्तिका घेऊन आले, चष्मा चढवून वाचू लागले. "आई, पाणी नाही घालता येत. लिहिलंय इथे स्पष्ट. विजेचं आहे."

"मग विस्तवावर धर."

"प्लास्टिक आहे गं आई."

"मग टाकून द्या."

"सईच्या पहिल्या पगाराचं?"

वहिनींची मान खाली होती. शेवटी माई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "जाऊ दे, राहू दे तिकडे वरच. तिचं तिला."

वहिनी जिना चढू लागल्या. वळणापर्यंत सावकाश गेल्या, दोन्ही पाय टेकवत. वळणापलीकडे गेल्यावर एकेक पायरी गाळल्याचा आवाज मी ऐकला.

त्या घरचे कपडे मी धुवायचे. वर बसलेल्या बाईचेही मीच. त्या नवरात्रात वरून वेगळं धुण्यासारखं काहीच निघालं नाही. मी नेहमीसारखी बादली भरली, आपटलं, वाळत घातलं.

कॉफीची पावडर आणायचं काम माझ्याकडे आलं. मेनरोडला एका दुकानात बिया समोर दळून देतात. वहिनींनी मला वाक्य पाठ करून दिलं होतं, "जाडसर दळा, चिकोरी नको." दुकानदाराने तीनदा विचारलं तेव्हा कुठे माझा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचला. पिशवीत वरून कोथिंबीर, खाली पावडर. तरी रिक्षातली बाई म्हणाली, छान वास येतोय कशाचा तरी. मी रिक्षाबाहेर बघत राहिले.

पहिली कॉफी वहिनींनी मला दिली. त्यांच्याच भांड्यात. मी घोट घेतला आणि मला आमच्या रानातला हिरडा आठवला.

"कशी आहे?"

"चांगली हाय."

"खोटारडी! तोंड बघ कसं झालंय." मग स्वतःचा कप नाकाखाली धरून त्या बराच वेळ तशाच बसल्या. मशीन शेवटचा हुंदका द्यायचं तेव्हा त्याच्यावर हात ठेवून म्हणायच्या, "हं, झालं, झालं. उगी." समोर गोदावरीचं पात्र, त्यापलीकडे गाड्या, खाली यजमानांचं बोलणं. सगळं ऐकू यायचं, पण वर येत नव्हतं.

वास मात्र खाली गेला. तो कुणाला अडवता येतो? दुसऱ्याच दिवशी गुरुजी जिन्यात उभे. वरून तिसऱ्या पायरीवर थांबले, कारण पुढे आले असते तर बाटले असते.

"जमलं वाटतं मशीन," ते म्हणाले.

"जमलं."

"वास छान आहे हो."

"घ्या ना वास."

गुरुजी उपरण्याला हात पुसत तिथेच उभे राहिले. म्हणाले, "चार दिवस झाले की खाली आणा, म्हणजे आम्हालाही मिळेल."

"ते खाली येत नाही," वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच वाचून दाखवलंत ना."

त्यावर गुरुजी हसले की काय ते मला दिसलं नाही. थोड्या वेळाने पायऱ्या उतरल्याचा आवाज आला. वहिनी कपात बघत होत्या. "एक कप द्यावासा वाटला गं," म्हणाल्या. "पण दिला तर मशीन जाईल."

मशीन त्यांचं झालं. पण त्यांना ते महिन्यातून चारच दिवस. एरवी वर जाऊन त्याला हात लावला तर पुन्हा डोक्यावरून अंघोळ, पुन्हा पातळ, आणि हजार प्रश्न. खोलीला कडी घालून त्या खाली यायच्या आणि पुढचे दिवस पुरणाच्या, वड्यांच्या, अळूच्या वासात काढायच्या. मी जिना पुसत असले की उंबऱ्याच्या आतून, लांबूनच विचारायच्या, "वर धूळ बसली असेल ना गं?"

"पुसते वहिनी."

"जाळी तेवढी उन्हात ठेव."

अशी काही वर्षं गेली. मग वरून धुण्यासारखं काही निघेनासंच झालं. एक महिना, दुसरा, तिसरा. वहिनी मात्र ठरल्या वेळी वर जात होत्या. चेहरा पाडून, पोटावर हात धरून जायच्या. वळणापर्यंत.

माई त्यांना मधून मधून म्हणायच्या, "सुटलीस एकदाची की देवघरही तुझ्या हवाली करते. मग महिनाभर अडचण नाही." माईंना ते बक्षीस वाटत होतं. त्यांना स्वतःला ते तसंच मिळालं होतं.

एक दिवस वर वहिनींनी मला विचारलं, "हिरा, तुला सगळं कळतं ना गं?"

"मला काय कळणार वहिनी? मी चौथी शिकलेली."

त्या इतक्या हसल्या की कॉफी सांडली. मग डोळे पुसत म्हणाल्या, "बायका सुटायची वाट बघतात. मी सुटले तर अडकले. तू कुणाला सांगू नकोस."

मी कुणाला सांगणार होते? मी तर दुकानात पावडर मागायला लाजते.

ज्याची भीती होती ते माईंकडून आलंच नाही. ते सईकडून आलं, प्रेमाने आलं. सई रजा काढून घरी आली ती नेमकी वहिनी वर असताना. बॅग बैठकीतच टाकून धाडधाड वर गेली. मी गच्चीवर चादरी वाळत घालत होते.

"आई! तू अजून वर बसतेस? ह्या काळात?"

"अगं, असू दे. मला काही त्रास नाही."

"तुला त्रास नाही, मला आहे. मी मैत्रिणींना काय सांगू, माझी आई पत्र्याच्या खोलीत बसते म्हणून?" मग तिच्या डोक्यात दुसरं काही आलं. "आणि आई, तुझी पन्नाशी उलटली. अजून? दर महिन्याला? आपण डॉक्टरकडे जाऊ. उद्याच."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी चादरीमागे गेले. खरं सांगितलं तर वर बसायचं कारण जाणार, नाही सांगितलं तर डॉक्टर. चादरीमागून मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. एका पायाचा अंगठा दुसऱ्यावर दाबून त्या उभ्या होत्या.

"डॉक्टर कशाला," शेवटी त्या म्हणाल्या. "थांबत आलंय आता."

"मग तर प्रश्नच मिटला. तरी मी आजीशी बोलणार आहे. माझ्यासाठीसुद्धा बोलणार आहे."

सई खाली गेली ती भांडायच्या तयारीने. बाह्या वर करून. मी बादलीच्या निमित्ताने मागोमाग उतरले. माई पाटावर बसून वाती वळत होत्या. सईने सगळं एका दमात सांगितलं. माईंनी वात पुरी केली आणि म्हणाल्या, "मी कुठे धरून ठेवलंय? माझ्याने आता ओणवं होत नाही, डोळ्याला दिसत नाही. चार दिवस माणूस मिळत नाही सोवळ्याला. येऊ दे तिला खाली. बरंच होईल."

सईने बाह्या खाली केल्या. एवढ्या सहज मिळेल असं तिला वाटलं नव्हतं.

"आणि मशीन?" तिने विचारलं.

गुरुजी आनंदाने उठले. "शास्त्रात सोय असते," म्हणाले. तुळशीचं पान गोदेच्या पाण्यात बुडवून त्यांनी मशीनवर शिंपडलं. चार थेंब. आतल्या विजेला काही झालं नाही.

सईने मशीन खाली आणलं, छातीशी धरून. तिची आई ते जसं वर घेऊन गेली होती तसंच. ओट्यावर मांडलं, आईला मधे उभं केलं, आजीला एका बाजूला, आणि हात लांब करून मोबाईलवर फोटो काढला. वहिनी त्यात हसल्या आहेत. सईने तो मला दाखवला. कोपऱ्यात उंबऱ्याबाहेर माझी निळी बादलीही आली आहे.

संध्याकाळी मी गच्चीवरच्या घड्या करत होते. वहिनी खोलीतली घोंगडी न्यायला वर आल्या.

"सांगायचं होतं सईताईंना," मी म्हटलं. एवढं बोलायलाही मला वेळ लागला.

"काय सांगू? मला वर बसू दे म्हणून?" त्यांनी घोंगडी नाकाशी धरली. "पोरीने माझ्यासाठी किती दम गोळा करून आणला होता बघितलंस ना? तिला कसं सांगू की तू माझी सुट्टी घेतलीस?"

सई पुण्याला गेली. खोलीत पाण्याची दुसरी टाकी बसली. मशीन खालीच राहिलं, आणि बैठकीतल्या यजमानांसाठी दिवसभर चालू झालं. नुसतं काळं पाणी कसं द्यायचं, म्हणून माईंनी त्यात आटवलेलं दूध घालायला सांगितलं, वरून जायफळ. पावडर गुरुजीच आणू लागले, चिकोरीची, रंग दाट येतो म्हणून. वहिनी सोवळ्यात सकाळपासून कप भरून उंबऱ्यावर ठेवायच्या, गुरुजी तबकातून खाली न्यायचे. मशीन हुंदका द्यायचं तेव्हा वहिनींची पाठ माझ्याकडे असायची. त्या ‘उगी’ म्हणाल्याचं मला ऐकू आलं नाही.

पुढे माझ्या मुलाने सातपूरला खोली घेतली, आणि रोजचं येणं मला झेपेना. शेवटच्या दिवशी भांडी पालथी घालून मी उंबऱ्याशी उभी राहिले. निघते, असं म्हणायचं होतं. आत वहिनी एकट्या होत्या, माई झोपल्या होत्या. यजमानांची पानं अजून मांडायची होती.

वहिनींनी मला हाताने थांबायला सांगितलं. मग वरच्या फळीवरचा डाळीचा डबा काढला आणि त्यातून एक पुडी. मला इथपर्यंत वास आला. माझीच कधीतरी आणलेली, जाडसर, चिकोरी नसलेली, शेवटची उरलेली. त्यांनी जाळी धुतली, पावडर घातली, बटण दाबलं. आम्ही दोघी उभ्या राहिलो. थेंब थेंब गळून भांड्याच्या तळाशी एक कप जमला.

तो त्यांनी उंबऱ्यावर ठेवला आणि मागे सरल्या, मला शिवू नये म्हणून. मी खाली वाकून कप उचलला.

"वहिनी, तुम्ही घ्या."

"यजमान जेवायचे आहेत गं अजून."

मी कप ओठांशी नेला. आता मला ती कडू लागत नव्हती.

"थांब," वहिनी म्हणाल्या. त्या उंबऱ्याच्या आत जितकं पुढे येता येईल तितक्या आल्या, चौकटीला हात न लावता, आणि डोळे मिटले.

"पिऊ नकोस लगेच. जरा इकडे धर."